तळ्याकाठचा शेवाळाचा इशारा: तो कसा वाचायचा आणि नेमकं काय, कोणत्या क्रमाने करायचं

शेवाळाच्या इशाऱ्याबाबत लोक दोन चुका करतात, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. पाटी दिसली की "मागच्या खेपेलाही होती, काही झालं नाही" म्हणत पाण्यात उतरतात. पाटी नसली की पाणी कुणीतरी तपासलेलंच असणार असं धरून चालतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. पाटी सांगते ती नमुना घेतला त्या दिवसाची गोष्ट, आणि तुमच्यासमोरचं पाणी असतं आजचं. मधल्या काळात वारा फिरतो, ऊन चढतं, तवंग एका काठावरून दुसऱ्या काठाला लागतो. म्हणून पाटी वाचणं आणि पाणी पाहणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही करायची, आणि कपडे बदलण्याआधी करायची.

खालचे टप्पे क्रमानेच घ्या. क्रम चुकला की काय होतं ते मी गटांबरोबर तळ्यावर जाताना अनेकदा पाहिलं आहे. मुलं गाडीतून उतरून थेट पाण्यात, कुत्रं त्यांच्याही आधी, आणि मोठी माणसं पाटीकडे वळतात ती सगळ्यांत शेवटी.

आधी हे समजून घ्या: इशारा कशाबद्दल असतो

गोड्या पाण्याच्या तळ्यावरचा इशारा बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरियांबद्दल असतो. त्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतात खरं, पण ते आहेत जीवाणू, वनस्पतींसारखं उजेडावर अन्न तयार करणारे. पाणी कोमट, संथ आणि नत्र-स्फुरदाने भरलेलं मिळालं की ते झपाट्याने वाढतात. त्यांच्यातल्या अनेक जातींच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. वारा पडलेल्या रात्री या पेशी तरंगून वर येतात आणि सकाळी पाण्यावर साय धरलेली दिसते. आदल्या संध्याकाळी स्वच्छ वाटलेलं तळं सकाळी हिरवं दिसतं ते यामुळे.

त्यांची विषं वेगवेगळी असतात. मायक्रोसिस्टिन यकृतावर आघात करतं, सिलिंड्रोस्पर्मोप्सिन यकृतावर आणि मूत्रपिंडांवर. ॲनाटॉक्सिन आणि सॅक्सिटॉक्सिन मज्जासंस्थेवर परिणाम करतात, आणि तोही फार लवकर. एकच जात कधी विष तयार करते, कधी करत नाही. ते आहे की नाही हे फक्त प्रयोगशाळा सांगू शकते. रंग, वास किंवा अनुभव यांवरून ते ठरत नाही.

टप्पा १: घरातून निघण्याआधी

तळ्याची देखरेख ज्या यंत्रणेकडे आहे तिचं संकेतस्थळ किंवा फोन, जे असेल ते, निघायच्या दिवशी सकाळी पाहा. आदल्या आठवड्यात पाहिलेलं चालत नाही. तिथे तीन गोष्टी शोधा: नमुना कोणत्या तारखेचा आहे, तळ्याच्या कोणत्या भागातला आहे, आणि पुढचा नमुना कधी घेणार आहेत. नमुना घेतल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत काही दिवस जाणं नेहमीचं आहे, त्यामुळे "आज प्रसिद्ध झालं" म्हणजे "आजचं पाणी" असं समजू नका.

हवामानाचाही विचार करा. गेले बरेच दिवस ऊन, उकाडा आणि वारा नाही अशी स्थिती असेल, किंवा जोरदार पावसाने आजूबाजूच्या जमिनीवरून वाहून आलेलं पाणी तळ्यात मिसळून नंतर कडक ऊन पडलं असेल, तर इशारा नसतानाही संशय धरूनच जा.

सामानात हे हवंच: घरून भरून घेतलेलं भरपूर स्वच्छ पाणी, साबण, जादा टॉवेल आणि हातमोजे. पाणी पिण्यासाठी वेगळं आणि अंग धुण्यासाठी वेगळं. कुत्रं सोबत असेल तर त्याच्यासाठीही वेगळं, आणि गळ्यातला पट्टा व दोरी विसरू नका.

शेवटचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम म्हणजे दुसरा बेत ठरवून ठेवणं. पोहायचं नाही असं ठरलं तर दिवस कसा घालवायचा हे आधी ठरलेलं नसलं, तर दोन तास प्रवास करून आलेला गट काठावर उभा राहून स्वतःची समजूत काढू लागतो. वाईट निर्णय अज्ञानापेक्षा या समजूत काढण्यातून जास्त होतात असं माझं मत आहे.

*तपासा:* गटात पाच-सहा वर्षांखालचं मूल, गरोदर स्त्री, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली व्यक्ती किंवा कुत्रं आहे का? असेल तर पुढे जिथे "शंका" हा शब्द येईल तिथे तुमच्यासाठी त्याचा अर्थ "नाही" असाच आहे.

टप्पा २: पाटी नीट वाचा

आधी पाटी शोधा. ती मुख्य प्रवेशाजवळ असते आणि तुम्ही बाजूच्या पायवाटेने उतरलेले असता, असं सर्रास होतं. काठावर दिसली नाही तर वाहनतळ, नाव उतरवायची जागा आणि स्वच्छतागृहाच्या भिंती पाहून या. मगच "पाटी नाही" असं म्हणा.

पाटीवर आधी तारीख बघायची, रंग नंतर. मग पातळी. बहुतेक ठिकाणी इशाऱ्याच्या चढत्या पायऱ्या असतात, पण एकाच शब्दाचा अर्थ सगळीकडे एक नसतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मायक्रोसिस्टिनसाठी पहिली पायरी दर लिटरला ०.८ मायक्रोग्रॅमवर लागते, दुसरी ६ वर आणि धोक्याची २० वर. त्याच देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये पोहण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा ८ आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा २४. म्हणून एका ठिकाणच्या पिवळ्या पाटीचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी वापरू नका. पाटीवर काय करायला मनाई आहे ते शब्दशः वाचा.

२४ हा आकडा कुठून आला ते कळलं की त्याचा उपयोग समजतो. १५ किलो वजनाचं मूल खेळताना पाव लिटर, म्हणजे एक पेलाभर पाणी गिळेल असं धरून तो काढला आहे. उथळ पाण्यात तासभर डुंबणाऱ्या लहान मुलाच्या पोटात किती पाणी जातं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे गृहीतक अतिरेकी वाटणार नाही. वजन कमी, गिळलेलं पाणी जास्त, आणि खेळ नेमका तवंग साचतो त्या काठाशी. मुलांचा धोका या तिन्हींमुळे वाढतो.

दोन प्रकारच्या पाट्या लोक हमखास चुकीच्या वाचतात.

पहिली पाटी म्हणते, शेवाळ दिसलं आहे, तपासणी व्हायची आहे. लोक तिचा अर्थ "अजून काही सिद्ध झालेलं नाही" असा लावतात. पण डोळ्यांना दिसलेल्या तवंगावरून पाटी लावणं हीच अनेक ठिकाणची रीत आहे, आणि ती योग्य आहे, कारण निकालाची वाट पाहताना माणसं पोहत राहतात. ही पाटी दिसली की विष आहे असं धरूनच वागा.

दुसरी म्हणते, शेवाळ आहे, पण विषाची मात्रा मर्यादेखाली आहे. हा आकडा नमुन्याच्या बाटलीतल्या पाण्याचा असतो. वाऱ्याने काठाशी लोटलेल्या दाट तवंगात तीच मात्रा हजारपट होऊ शकते. शिवाय विष सापडलं नाही तरी या पेशींमुळे अंगावर पुरळ येतं आणि डोळे चुरचुरतात.

*सावधान:* तळ्याच्या एका बाजूची पाटी दुसऱ्या बाजूला लागू नाही असं समजू नका. पाणी एकच आहे.

टप्पा ३: काठावरची पाहणी, पाण्यात पाय न घालता

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. मुलांना आणि कुत्र्याला काठापासून लांब, कुणाच्या तरी हाती सोपवून ठेवा आणि दोघांनी मिळून पाहणी करा.

वारा कोणत्या दिशेला वाहतो आहे ते बघा आणि तो ज्या काठाकडे पाणी लोटतो आहे तिथे आधी जा. तवंग तिथे, खाचाखोचांत आणि धक्क्याच्या कोपऱ्यात साचतो. मधलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तिथे पोहू, हा विचार करणाऱ्यांना परत येताना याच काठावरून चढावं लागतं.

मग रंग आणि पोत पाहा. ओळखीच्या खुणा अशा:

- हिरवा किंवा निळसर हिरवा रंग सांडल्यासारखा पृष्ठभाग, कडेला फिकट निळ्या रेघा.
- वाटाण्याच्या पातळ आमटीसारखं पाणी, जवळून पाहिलं तर बारीक हिरवे कण.
- गवत कापल्यावर उडणाऱ्या तुकड्यांसारख्या बारीक काड्या पाण्यात लोंबकळताना. ॲफॅनिझोमेनॉन नावाचा प्रकार असा दिसतो.
- तपकिरी, लालसर किंवा जांभळट तवंग. "हिरवं नाही म्हणजे सुरक्षित" हा गैरसमज इथे महागात पडतो.
- तळाशी किंवा दगडांवर गडद, कातड्यासारखे थर, आणि त्यांचे सुटून काठाला लागलेले तुकडे. वरचं पाणी अशा वेळी नितळ असू शकतं. म्हणून फक्त पृष्ठभाग पाहून परत फिरू नका.

कुजकट किंवा ओल्या मातीसारखा वास, मेलेले मासे किंवा पक्षी दिसले तर पुढची पाहणी करायची गरज नाही. बेत बदला.

गुडघाभर खोलीचा तळ काठावरून किंवा धक्क्यावरून दिसतो का, तेही पाहा. पाणी हिरवट आहे आणि तेवढ्या खोलीचा तळ दिसत नाही, तर उतरू नका.

आता गोंधळ कुठे होतो ते. पाण्यावर हिरवा गालिचा दिसला तर तो सायनोबॅक्टेरियाच असेल असं नाही. बारीक गोल पानांची आणि खाली नाजूक मुळं असलेली पाणवनस्पती जवळून पाहिली की लगेच ओळखू येते. झाडांचा परागही पिवळा थर धरतो. केसांच्या झुपक्यासारखं हिरवं शेवाळ वेगळं. हा फरक पाहायला काडीची साधी चाचणी आहे: हातमोजे घालून लांब काठी पाण्यात बुडवा आणि वर काढा. काठीला लांब हिरवे केस लोंबत आले तर ते बहुधा तंतुमय शेवाळ. काठी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी माखून आली तर सायनोबॅक्टेरियाचा संशय पक्का धरा.

बरणीची चाचणीही प्रसिद्ध आहे. पारदर्शक बरणी तीन चतुर्थांश भरायची, झाकण लावून फ्रिजमध्ये रात्रभर न हलवता ठेवायची, वर "पिऊ नये" अशी चिठ्ठी लावायची. सकाळी हिरवं वर कड्यासारखं जमलं असेल तर सायनोबॅक्टेरियाची शक्यता जास्त, तळाशी बसलं असेल तर कमी. ही चाचणी आजच्या पोहण्याचा निर्णय घ्यायला उपयोगाची नाही, आणि दोन्हींपैकी एकही चाचणी विषाबद्दल काही सांगत नाही.

*सावधान:* काडी "केसाळ" निघाली म्हणजे पाणी चांगलं असा उलटा निष्कर्ष काढू नका. दोन्ही प्रकार एकाच तळ्यात एकाच वेळी असतात.

टप्पा ४: निर्णय, आणि तो सगळ्यांना लागू

शंका आली की पाण्यात जायचं नाही. हा नियम मोठ्यांना वेगळा आणि मुलांना वेगळा ठेवला की तो अर्ध्या तासात मोडतो. "मी फक्त पाय बुडवतो" असं म्हणणारा बाप पाहून कोणतं मूल काठावर थांबेल?

काय चालेल आणि काय नाही हे पाटीवर स्पष्ट नसेल तर असा विचार करा: पाणी तोंडात, नाकात किंवा डोळ्यांत जाईल का? पोहणं, डुंबणं, पाण्यावर घसरायचे खेळ यांत ते जातंच. वेगाने जाणारी यांत्रिक नाव तवंगातून गेली की तुषार उडतात आणि ते श्वासातून आत जातात, म्हणून "आम्ही पाण्यात उतरलोच नाही" हे पुरेसं नाही. काठापासून दूर, तवंग टाळून, शांतपणे वल्हवणं कमी पातळीच्या इशाऱ्यात अनेक ठिकाणी चालतं. मात्र उलटून पाण्यात पडण्याची शक्यता असलेली छोटी नाव त्यात धरू नका.

कुत्र्याबद्दल मी कोणतीही सूट सुचवणार नाही. कुत्रं तवंगातून पोहतं, पाणी पितं, काठावरचे वास येणारे शेवाळाचे तुकडे खातं आणि बाहेर येऊन अंग चाटतं. ॲनाटॉक्सिनमुळे कुत्री काही मिनिटांत ते काही तासांत मेल्याची उदाहरणं आहेत. माणसांसाठी खालच्या पातळीचा इशारा असला तरी कुत्रं दोरीवरच राहील.

तळ्याचं पाणी उकळून वापरू, हा विचार इथे पूर्णपणे काढून टाका. उकळल्याने ही विषं नष्ट होत नाहीत. उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात मोकळं होतं. सहलीला नेतात ती छोटी गाळणी आणि जंतुनाशक गोळ्याही याच्यासाठी भरवशाच्या नाहीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन सापडलं, तेव्हा सुमारे चार लाख लोकांना पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका, असं सांगावं लागलं होतं.

टप्पा ५: चुकून संपर्क आलाच तर

बाहेर आल्याबरोबर, उन्हात सुकण्याआधी, स्वच्छ पाण्याने आणि साबणाने अंग धुवा. पोहण्याचे कपडे आधी उतरवा, कारण पेशी कापडाच्या आत अडकून त्वचेवर घासल्या जातात आणि पुरळ नेमकं तिथेच उठतं. अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखात हे सर्वांत जास्त होतं. तळ्याकाठच्या नळाचं पाणी त्याच तळ्यातून ओढलेलं नाही ना, हे विचारून घ्या. घरून आणलेलं पाणी यासाठीच आहे.

कुत्र्याला हातमोजे घालून धुवा आणि पूर्ण धुऊन होईपर्यंत अंग चाटू देऊ नका. मुलांचे हात खाण्याआधी पुन्हा धुवा. कपडे, खेळणी, वल्ही घरी गेल्यावर वेगळी धुवा.

टप्पा ६: लक्षणं आणि त्यांची घाई

माणसांत त्वचेवर पुरळ, डोळे-नाक चुरचुरणं, घसा दुखणं, खोकला, डोकेदुखी, पोटात कळा, उलट्या, जुलाब अशी लक्षणं काही तासांत किंवा काही दिवसांनी दिसतात. "बाहेरचं खाल्लं म्हणून झालं असेल" असं म्हणून तळ्याची गोष्ट सांगायचीच राहून जाते, ही इथली मोठी चूक. डॉक्टरांकडे गेलात तर पहिल्या वाक्यात सांगा: कोणत्या तळ्यात, किती वाजता, किती वेळ, पाणी गिळलं का. शक्य असेल तर पाण्याचा फोटो दाखवा.

ओठांना किंवा बोटांना मुंग्या येणं, बधिरपणा, अशक्तपणा, चक्कर, श्वासाला त्रास, झटके यांपैकी काही दिसलं तर वाट न बघता तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. या विषांवर नेमका उतारा नाही. जे उपचार होतात ते शरीर सावरण्याचे, म्हणून वेळ महत्त्वाचा. कावीळ, गडद लघवी किंवा भूक पूर्ण जाणं हे नंतरच्या दिवसांत दिसलं तरी यकृताच्या दृष्टीने डॉक्टरांना दाखवाच.

कुत्र्यात लाळ गळणं, अडखळत चालणं, उलट्या, थरथर किंवा झटके दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. ओकारी काढण्याचा प्रयत्न स्वतःहून करू नका. पशुवैद्याला फोन करत करतच निघा.

टप्पा ७: पकडलेले मासे

इशारा असलेल्या पाण्यातला मासा खायचा की नाही हे आधी स्थानिक सूचनेत पाहा; मनाई असेल तर विषय संपला. मुभा असेल तर आतडी, यकृत आणि इतर आतले भाग काढून टाका, कारण विष तिथे जास्त साचतं. फक्त मांस घ्या आणि शिजवण्याआधी किंवा गोठवण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवा. शिजवल्याने विष जातं असं समजू नका. शिंपले टाळा. कुत्र्याला आतडी घालू नका.

टप्पा ८: दिसलं ते कळवा

पाटी नसलेल्या ठिकाणी तवंग दिसला तर एक जवळचा आणि एक आजूबाजूची ओळखीची खूण दिसेल असा लांबचा फोटो घ्या. तारीख, वेळ आणि काठाचा नेमका भाग लिहून तळ्याच्या यंत्रणेला किंवा आरोग्य विभागाला पाठवा. कुणी आजारी पडलं असेल किंवा जनावर मेलं असेल तर तेही लिहा. नमुना स्वतः घेऊन प्रयोगशाळेत धावू नका; त्याची बाटली, थंडावा आणि वेळ यांचे नियम असतात. तेवढ्या वेळात शेजारी पोहायला निघालेल्या कुटुंबाला सांगून या.

टप्पा ९: इशारा उठल्यावर

तवंग पांढुरका किंवा तपकिरी होऊन विरला की लोकांना वाटतं, संपलं. नेमकं तेव्हा पेशी मरून आतलं विष पाण्यात आलेलं असतं आणि ते काही दिवस, कधी आठवडे टिकतं. शेवाळ मारण्यासाठी तळ्यात रसायन टाकलं असेल तर हे एकदम होतं. त्यामुळेच अनेक यंत्रणा एका चांगल्या निकालावर पाटी काढत नाहीत, ओळीने दोन नमुने मर्यादेखाली यायची वाट पाहतात. "पाणी तर साफ दिसतंय, पाटी काढायला विसरले असतील" असं स्वतःच ठरवू नका. फोन करून विचारा.

आणि पाटी उतरल्यानंतरच्या पहिल्या फेरीत पाण्याबरोबर काठही तपासा. पाणी ओसरताना दगडांवर, वाळूवर मागे राहिलेले वाळके हिरवट-करडे पापुद्रे कोरडे दिसतात, पण त्यांत विष महिनोन्‌महिने राहू शकतं. मुलांना त्या पट्ट्यात वाळूचे किल्ले करायला बसवू नका आणि कुत्र्याला तिथे हुंगू देऊ नका.